मागच्या मंगळवारचा नकाशा

दारावर पाटी होती : 'रुग्ण व नातेवाईकांनी आत येऊ नये.' ओव्हाळ मॅडमनी ती बाहेर उभं राहून पूर्ण वाचली, "वाचली" असं मोठ्याने सांगितलं आणि आत आल्या. मी कॉम्प्युटरपुढे बसून डबा खात होतो. गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला, आधी माझ्या पोळीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "माझा नकाशा तुम्ही काढणार का?"

मी हो म्हणालो. मग भानावर येऊन विचारलं, "पण तुम्ही इथे कशा आलात?"

"चालत," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

मी अकोटकडचा. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती, तरी इथल्या माणसाने चौकशी केली की टोमणा मारला हे कळायला मला दोन मिनिटं लागत. कॅन्सरच्या एका रुग्णालयात मी फिजिसिस्ट होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. किरण कुठे, किती आणि किती वेळ द्यायचे याचं गणित मांडणारा. आमच्या खोलीत पेशंट येत नाहीत, त्यांचे फोटो येतात. तीन वर्षांत शेकडो बायकांच्या पोटातलं मी पडद्यावर पाहिलं होतं, पण त्यांतली एक जरी बसस्टॉपवर शेजारी उभी राहिली असती तरी मी ओळखलं नसतं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं.

मॅडमना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. त्याला आधी पाच आठवडे बाहेरून किरण देतात, लोक त्याला 'शेक' म्हणतात. मग आठवड्यातून एकदा, असा चार वेळा आतला शेक. कमरेखालचा भाग बधिर करून गर्भाशयात बारीक नळ्या बसवायच्या, त्या नळ्यांसकट स्कॅन काढायचा, स्कॅनवर गाठीच्या आणि आजूबाजूच्या अवयवांच्या कडा आखायच्या आणि मग तांदळाच्या दाण्याहून लहान असा किरणांचा तुकडा त्या नळ्यांतून आत पाठवायचा. तो कुठे किती सेकंद थांबेल ते मी ठरवायचं. आमच्या डॉ. लेले पेशंटना हे समजावताना 'आम्ही आतला नकाशा काढतो' असं म्हणत. इतर बायका मान डोलवत. ओव्हाळ मॅडमनी मात्र नकाशा काढणारा कुठे बसतो असं विचारलं होतं.

कारण त्यांचा जन्म नकाशातच गेला होता. सुमन ओव्हाळ, वय त्रेपन्न, जमीनमोजणीच्या सरकारी कचेरीत भूकरमापक. म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहून तुमची जमीन कुठे संपते आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होते हे सांगणारी बाई. वाघोलीपासून हिंजवडीपर्यंत ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जात होते आणि दोघांच्या मध्ये टेप धरून मॅडम उभ्या असत. त्यांचे वडील त्याच खात्यात मोजणीची साखळी ओढायला होते. "साहेब सावलीत बसून नकाशा काढायचा आणि माझा बाप काट्याकुट्यातून साखळी ओढायचा," त्या सांगत. "घराण्यात धम्म आला तो आजोबांच्या वेळी. शाळाही तेव्हाच आली. मग मी ठरवलं, नकाशाच काढायचा. पण उन्हात उभं राहून."

बाई म्हणून आणि ओव्हाळ म्हणून, दोन्ही कारणांनी, त्यांना गावोगाव अडवलं गेलं. आडनाव विचारून पाणी देणाऱ्या गावांत त्या आपली बाटली नेत. वाघोलीला एका एजंटाने खुर्ची आणून झाडाखाली ठेवली. म्हणाला, "बसा बाई, आमची मानसं हायेत की टेप धरायला." मॅडम म्हणाल्या, "झाडाखालून हद्द दिसत नाही. खुर्चीवर तुम्हीच बसा, मोजणी झाल्यावर तुम्हाला लागेल." मोजणीत एजंटाच्या मालकाची पाच गुंठे जमीन शेजाऱ्याची निघाली. त्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे : "दगड सरकवता येतो, मोजणी सरकवता येत नाही."

तर त्या पहिल्या भेटीत मी डबा बाजूला सारला आणि नाव झाकून एक जुना स्कॅन त्यांना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्केल काय?" तीन वर्षांत मला हे कोणत्याही डॉक्टरनेसुद्धा विचारलं नव्हतं. मग बोट पडद्यावर ठेवून त्या एकेक विचारत गेल्या. हे पुढचं काय? मूत्राशय. हे मागचं? गुदाशय. आणि वर हे वेटोळं? मोठं आतडं.

"म्हणजे मध्ये वादातली जमीन आणि चहूबाजूंनी लगतधारक," त्या म्हणाल्या. "शेजारचे जमीनमालक हो. मोजणीआधी त्यांतल्या प्रत्येकाला नोटीस द्यावी लागते. न देता मोजलं तर मोजणी रद्द. तुम्ही यांना काय देता?"

मी सांगितलं की प्रत्येक अवयवाला किती किरण सोसतात याची मर्यादा ठरलेली आहे आणि ती ओलांडायची नाही, हेच माझं काम. त्यांनी पिशवीतून डायरी काढून ते लिहून घेतलं. मग चष्मा उतरवला आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "अहो बोंडे, मी जगेन की नाही ते लेले डॉक्टर बघतील. तुमच्याकडे माझं वेगळं काम आहे. फील्डवर बाईला आडोसा नसतो. सकाळी आठला निघाले की संध्याकाळी पाचपर्यंत मी लघवी धरून ठेवते. वीस वर्षं ठेवली. हे दोन शेजारी भाजले, ताबा गेला, की मला कायमचं आवक-जावकच्या टेबलावर बसवतील. टपाल फोडायला. तात्पुरतं बसवलंच आहे. साहेब म्हणाले, आता आराम करा. मी म्हटलं, आराम लेखी द्या."

"मग?"

"मग काय, दिला नाही. तोंडी दयेला काही किंमत नसते. पाच वर्षं नोकरी राहिली आहे. मला ती उभ्याने करायची आहे."

बाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या बायका हा आजार पदराखाली लपवत. सासरी 'पोटाचं दुखणं' सांगितलेलं असे, माहेरी तेवढंही नसे. मॅडमना कोणी दबक्या आवाजात विचारलं, की त्या अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं सांगत, "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. चोरी केलेली नाही, झाला आहे." एकदा मुळशीकडचा एक माणूस आपल्या बायकोला घरी न्यायला आला. बाहेरचे शेक झाले होते, आतले राहिले होते. "रगत थांबलंय की आता. मंग परत कशाला?" तो सिस्टरशी वाद घालत होता. बायको खाली बघत उभी होती. मॅडम उठल्या आणि त्याच्यासमोर गेल्या. "भाऊ, शेताला बाहेरून कुंपण घातलं म्हणून आतली हराळी मरते का? खणूनच काढावी लागते ना?" तो म्हणाला, "ते खरं हाय, पण..." मॅडम म्हणाल्या, "पण नाही. तुम्ही जा, गुरांचं बघा. ताई इथे राहतील. माझ्या शेजारची खाट रिकामी आहे." आणि खरोखरच ती बाई राहिली आणि चारही शेक पुरे करून गेली.

पहिले दोन आतले शेक नीट झाले. नळ्या बसवल्यापासून काढेपर्यंत चार-पाच तास उताणं पडून राहावं लागतं, कूस बदलायची सोय नाही. त्यांची मुलगी प्रज्ञा खराडीला एका आयटी कंपनीत होती, ती लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसे. "आई, प्लीज, जस्ट रिलॅक्स ना," ती म्हणे. "रिलॅक्सच आहे," आई म्हणे. "कमरेखाली काही कळत नाही. आणखी किती रिलॅक्स होऊ?" प्लॅन झाला की मी त्यांना तो प्रिंट करून दाखवायला लागलो होतो. हा नियम त्यांनीच घालून दिला होता, मी फक्त पाळत होतो.

तिसऱ्या शेकाच्या मंगळवारी सकाळीच महामार्गावर मोठा अपघात झाला आणि स्कॅनच्या खोलीपुढे स्ट्रेचरची रांग लागली. आमच्या पाच बायका नळ्या बसवून थांबलेल्या. दर वेळी नवा स्कॅन हा आमचा नियम होता, पण अगदीच अडचण आली तर मागच्या वेळचा प्लॅन वापरायची मुभा होती. नळ्या त्याच मापाच्या, बसवणारे हात तेच. तेव्हा कितीतरी ठिकाणी एकाच स्कॅनवर चारही शेक उरकत. ही मुभा मी आधीही वापरली होती, आणि सगळ्याच वेळी अडचण 'अगदीच' होती असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कधी रांग असे, कधी सहाची बस गाठायची असे. त्या दिवशी डॉ. लेले ऑपरेशनमध्ये होत्या. मी पाचही जणींचे मागचे प्लॅन काढले आणि सिस्टरला सांगितलं, सुरुवात करू.

दहा मिनिटांत सिस्टर परत आली. "ओव्हाळ मॅडम तुम्हाला बोलावतायत. मशीनला नळ्या जोडू देत नाहीत."

मी चरफडत गेलो. त्या उताण्या पडल्या होत्या, हातात सलाईन. चष्मा मात्र डोळ्यांवर होता. "अहो बोंडे, मला स्कॅनला नेलं नाही. मग आज कोणत्या नकाशावर काम चालवताय?"

"मागच्या वेळच्या. काही फरक पडत नाही मॅडम. नळ्या त्याच आहेत, मापं तीच आहेत."

"खुंट्या त्याच आहेत. जमीन तीच आहे का?"

मी वैतागलो. म्हणालो, "हे शेत नाही मॅडम. मला माझं काम कळतं."

"कळतं, म्हणून तर विचारते. मागच्या मंगळवारी माझं आतडं जिथे होतं तिथेच आज आहे, असं लिहून द्या आणि खाली सही करा. मी लगेच मशीनला जाते."

सिस्टरने कपाटाकडे तोंड फिरवलं. मी सांगितलं की बाहेर रांग आहे, तीन-चार तास लागतील, कमरेचं इंजेक्शन उतरेल आणि नळ्या आत असताना दुखेल. मला वाटलं, दुखणं ऐकून तरी माघार घेतील. त्या म्हणाल्या, "फील्ड मिळायला अकरा वर्षं थांबले. चार तासांचं काय कौतुक? दुखलं तर ओरडेन. तुम्ही कानात बोळे घाला."

इतका राग मला क्वचित आला असेल. पण कागदावर सही करायला हात होईना हेही खरं. मी डॉ. लेल्यांना निरोप पाठवला. ऑपरेशनमधून उलट निरोप आला : पाचही जणींचा स्कॅन करा, कितीही उशीर होऊ दे.

मॅडमचा नंबर दुपारी तीनला लागला. इंजेक्शन उतरलं होतं. त्या ओरडल्या नाहीत; ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होत्या आणि प्रज्ञाचं मनगट त्यांनी इतकं आवळलं होतं की तिच्या हाताला वळ उठले. स्कॅन माझ्या पडद्यावर आला. डॉ. लेल्यांनी कडा आखल्या. मी त्यावर मागच्या मंगळवारचा प्लॅन ठेवून बघितला. मोठ्या आतड्याचं वेटोळं घसरून थेट नळीच्या टोकाला टेकलं होतं. मूत्राशयही खाली आलं होतं. जुना प्लॅन चालवला असता तर आतड्याच्या त्या भागाला मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट किरण बसले असते. आज काही कळलं नसतं, उद्याही नाही. वर्षाने रक्त पडायला लागलं असतं आणि मी कुठल्या तरी दुसऱ्या बाईच्या फोटोपुढे डबा खात बसलो असतो.

मी प्लॅन नव्याने मांडला. टोकाकडचा वेळ काढून घेतला, बाजूंना दिला, गाठीला कमी पडू दिलं नाही. सहाची बस गेली. शेक झाला, नळ्या निघाल्या, मॅडमना वॉर्डात नेलं. मी प्रिंट घेऊन गेलो आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागदाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"शेजारी सरकला होता ना?"

"हो."

मला वाटलं आता टोमणा येईल. तो आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ आवाजात विचारलं, "माझ्याआधी किती जणींना मागचा नकाशा चालवलात?"

पेशंटला विश्रांतीची गरज आहे असं काहीतरी सिस्टरला सांगून मी बाहेर पडलो.

चौथा शेक पार पडला. तीन महिन्यांनी तपासणीत गाठीचा मागमूस नव्हता. त्या दिवशी मॅडमनी मंडईतून अंजिरं आणली, सगळ्यांना वाटली आणि डॉ. लेल्यांकडून 'कोणतेही काम करण्यास सक्षम' असा दाखला मागून घेतला. 'कोणतेही' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारायला लावली. कचेरीतल्या साहेबांनी तरी सहा महिने टाळाटाळ केली. मॅडमनी दर सोमवारी एक अर्ज दिला, एकच मजकूर, फक्त तारीख बदलून. आणि आवक-जावकच्या टेबलावर त्या स्वतःच बसलेल्या असल्यामुळे प्रत्येक अर्जावर पोच पडत होती. शेवटी साहेबांनी कंटाळून फील्ड दिलं.

त्या मंगळवारनंतर दीड वर्षाने एका रविवारी त्यांचा फोन आला. उद्या वाघोलीच्या पुढे मोजणी आहे, बघायला या म्हणाल्या. मी गेलो. उन्हाचा कडाका होता. आता साखळी-टेप जाऊन तिपाईवरचं मशीन आलं होतं. मॅडमच्या डोक्यावर टोपी, पायात बूट, साडीचा काष्टा. सकाळी नऊपासून त्या उभ्या होत्या आणि दुपारी दोनलाही उभ्याच होत्या. गावातली पंधरा-वीस माणसं भांडत होती आणि त्यांच्या एकटीच्या आवाजाने गप्प होत होती. मला ते बघून इतका आनंद झाला की मी मूर्खासारखा एकटाच हसत उभा होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी केलेल्या प्लॅनला मी पहिल्यांदाच चालताना पाहत होतो.

मोजणी उरकल्यावर बांधावर बसून त्यांनी डबा उघडला. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवसापासून मी एकदाही जुना प्लॅन वापरला नाही."

"आणि आधीच्या?"

उत्तर मी दीड वर्ष खिशात घेऊन फिरत होतो. जुन्या फायली काढून पाहिल्या होत्या. "नऊ," मी म्हणालो. "नऊ जणी."

"नऊ हा आकडा झाला. नावं?"

मी नावं सांगितली. सगळी पाठ होती.

"मग मला काय सांगता? मी बरी आहे. त्यांना जाऊन सांगा." त्यांनी माझ्या हातातली भाकरी काढून परत डब्यात ठेवली. "जेवण नंतर. आधी उठा."

दुसऱ्या दिवशी मी डॉ. लेल्यांपुढे सगळं ठेवलं. त्या खूप चिडल्या, आणि मग आम्ही नऊही जणींना शोधलं. एक कॅन्सरनेच गेली होती. सात जणी ठीक होत्या, तपासण्या करून घरी गेल्या. नववी कात्रजला राहायची. तिला आठ महिन्यांपासून शौचातून रक्त पडत होतं आणि ती ते मूळव्याध समजून कोणाला सांगत नव्हती. जुन्या प्लॅनमुळेच झालं असं खात्रीने कोणी सांगू शकलं नसतं. नव्या प्लॅनवरही असं कधीकधी होतं. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिच्या घरच्या ओट्यावर बसून, मान खाली न घालता सांगितल्या, कारण तसं सांगायचं असतं हे मी मॅडमना हद्द सांगताना नुकतंच बघितलं होतं. तिने खूप बोलून घेतलं. मग उपचाराला आली. रक्त थांबायला चार महिने लागले.

मॅडम निवृत्त होईपर्यंत फील्डवर होत्या. निवृत्तीनंतर त्या आमच्या रुग्णालयात दर मंगळवारी येऊन नव्या बायकांशी बोलत, आणि मशीनला जाण्याआधी आपला स्कॅन आजचा आहे का हे विचारायला शिकवत. माझे नवे सहकारी वैतागत. मी त्यांना सांगे, उत्तर द्या.

गेल्या वर्षी एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला. "बोंडे सर, हार्ट अटॅक," ती म्हणाली आणि थांबली. मला काही कळेना. मग तिने सांगितलं, "आई गेली सर, पहाटे. तिने सांगून ठेवलं होतं, बोंडेंना फोन करशील तेव्हा आधी कारण सांग आणि मग बातमी. म्हणाली, नाहीतर ते उगीच कॅन्सरला श्रेय देतील."

मी हसलो. कोणी गेल्याच्या फोनवर हसू नये, पण पलीकडे प्रज्ञाही हसत होती, आणि मग आम्ही दोघंही रडलो.